तिसऱ्या मजल्यावरचे पिल्लू

दिवाळी संपून थंडी पडू लागली की शहरातल्या पुष्कळ इमारतींच्या जिन्याखाली, उभ्या मोटारींच्या आडोशाला एखादी कुत्री व्यालेली दिसते. मुले शाळेतून येता-जाता पिल्ले पाहतात, पावाचे तुकडे आणून देतात आणि एके दिवशी त्यांतले एक पिल्लू दप्तराबरोबर तिसऱ्या मजल्यावर येऊन पोहोचते. काही घरांत ते ओळखीच्या माणसाकडून येते, काही घरांत विकत आणले जाते. कसेही आले तरी पुढचे संभाषण बहुधा सारखेच असते. आई म्हणते, "इथे माणसांनाच जागा पुरत नाही, त्यात हे कुठे?" बाबा विचारतात, "त्याला फिरवणार कोण?" पुष्कळ वादावादीनंतर पिल्लू राहते आणि मग सल्ले सुरू होतात.

त्यांतले दोन सल्ले नीट ऐकण्यासारखे आहेत. पशुवैद्य सांगतात, "लशी पूर्ण होईपर्यंत याला खाली जमिनीवर सोडू नका." आणि ज्यांनी जन्मभर कुत्री पाळली असे शेजारचे काका सांगतात, "आत्तापासून चार माणसांत वावरू द्या, नाहीतर मोठेपणी चावरे होईल." दोन्ही सल्ले बरोबर आहेत. पण दोन्ही एकाच वेळी पाळायचे कसे?

जुन्या वाड्यात हा प्रश्न फारसा पडत नसे. चौकात दिवसभर माणसांची ये-जा असे. दूधवाला, भाजीवाली, खेळणारी मुले, रांगणारी बाळे हे सारे पिल्लाला आपोआप दिसे. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये त्याला दिसतात ती घरातली चार माणसे आणि चार भिंती. म्हणून फ्लॅटमधील पिल्लाची मुख्य अडचण जागेची नसून वेळापत्रकाची आहे. त्याच्या शरीरात दोन घड्याळे एकाच वेळी चालू असतात आणि त्यांचे काटे जुळत नाहीत. ती दोन घड्याळे कोणती, ते आपण पाहू.

पहिले घड्याळ : जग ओळखण्याचे

कुत्र्याचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात आणि कानही बंद असतात. त्याला वास येतो, ऊब आणि थंडी कळते. एवढ्या भांडवलावर ते आईचे दूध शोधते. साधारण दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते आवाजाकडे वळू लागते, धडपडत चालू लागते, भावंडांशी खेळू लागते. आणि येथूनच एक फार महत्त्वाचा काळ सुरू होतो.

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर या गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वर्तनाचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९६५ साली त्यावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. याच प्रयोगशाळेतील फ्रीडमन, किंग आणि एलियट यांचा एक प्रयोग १९६१ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातींची पिल्ले उंच कुंपणाच्या मैदानात आईजवळ वाढविली. पिल्लांना माणूस दिसू नये, म्हणून अन्नपाणीही कुंपणाच्या फटीतून दिले जाई. मग काही पिल्लांना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, काहींना पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात एक आठवडाभर माणसांच्या सहवासात आणले आणि पुन्हा मैदानात सोडले. एका गटाला मात्र चौदा आठवडे पूर्ण होईपर्यंत माणूस दाखविलाच नाही.

चौदाव्या आठवड्यात सर्वांची परीक्षा घेतली. मधल्या काळात, विशेषतः पाचव्या ते नवव्या आठवड्यात, माणसाचा सहवास मिळालेली पिल्ले माणसाजवळ येत, त्याच्याशी खेळत. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्ले मात्र रानटी जनावरासारखी दूर पळत. त्यांतल्या एका पिल्लाला नंतर कित्येक आठवडे माया लावून पाहिली, तरी त्याच्यात थोडाच फरक पडला. ती पिल्लेही पिढ्यान् पिढ्या माणसाळलेल्या जातींचीच होती, हे लक्षात घ्या. म्हणजे कुत्रा जातीने माणसाळलेला असला, तरी प्रत्येक पिल्लाला माणसाची ओळख नव्याने करून घ्यावी लागते आणि ती ठरावीक काळातच नीट होते.

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या या काळाला 'सामाजिकीकरणाचा काळ' म्हणतात. आरंभी पिल्लाचे कुतूहल भीतीपेक्षा मोठे असते. नवी वस्तू दिसली की ते हुंगायला धावते. पुढे हळूहळू पारडे फिरते आणि न पाहिलेली प्रत्येक गोष्ट शंकास्पद वाटू लागते. निसर्गात याला अर्थ आहे. गुहेजवळ खेळणाऱ्या लांडग्याच्या पिल्लाने आपल्या माणसांची, म्हणजे आपल्या कळपाची, ओळख लहानपणी करून घ्यावी आणि मोठे होऊन दूर हिंडू लागल्यावर परक्यापासून जपावे, हेच त्याच्या हिताचे असते. शहरातल्या पिल्लाला मात्र जन्मभर परक्यांतच वावरायचे असते. लिफ्टमध्ये शिरणारा हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, पावसाळ्यातला रेनकोट, धावणारे बाळ यांपैकी जे पहिल्या तीन महिन्यांत पाहिले नाही, ते पुढे त्याला संकट वाटू शकते. आणि घाबरलेल्या कुत्र्याला पळायला जागा उरली नाही, की ते चावते.

दुसरे घड्याळ : रोगप्रतिकाराचे

आता पशुवैद्यांच्या सल्ल्याकडे वळू. गाय व्याल्यावर पहिल्या दुधाचा, म्हणजे चिकाचा, खरवस तुम्ही खाल्ला असेल. कुत्रीलाही असाच चीक येतो. या चिकात आईने आयुष्यभरात मिळविलेली प्रतिपिंडे असतात. प्रतिपिंडे म्हणजे रोगजंतूंना ओळखून जखडून टाकणारी प्रथिने. जन्मानंतर सुमारे एक दिवसच पिल्लाचे आतडे ही मोठी प्रथिने जशीच्या तशी रक्तात शोषून घेऊ शकते. नंतर ती वाट बंद होते. या उसन्या प्रतिपिंडांच्या बळावर पिल्लाचे पहिले काही आठवडे निभावतात.

पण उसने धन हळूहळू संपत जाते. त्याचे प्रमाण ढोबळ मानाने दर दहा दिवसांनी निम्मे होते. आपण एक साधे गणित करू. यातील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, जन्मानंतर एका पिल्लाच्या रक्तात ही प्रतिपिंडे ६४० एकके आहेत. दहा दिवसांनी ती ३२० होतील, वीस दिवसांनी १६०, तीस दिवसांनी ८०, चाळीस दिवसांनी ४०, पन्नास दिवसांनी २० आणि साठ दिवसांनी १०. समजा, विषाणूपासून रक्षण होण्यासाठी निदान ४० एकके लागतात. मग चाळीस दिवसांनंतर पिल्लू उघडे पडले.

"मग चाळिसाव्या दिवशी लस टोचावी," असे तुम्ही म्हणाल. पण येथेच गोम आहे. लशीतही दुबळे केलेले विषाणू असतात, आणि उरलीसुरली प्रतिपिंडे त्यांनाही निकामी करून टाकतात. पिल्लाच्या शरीराला धडा शिकायची संधीच मिळत नाही. समजा, प्रतिपिंडे १० एककांपर्यंत उतरल्यावरच लस लागू पडते. म्हणजे चाळिसाव्या ते साठाव्या दिवसापर्यंत आईचे संरक्षण पुरत नाही आणि लसही काम करीत नाही, अशी वीस दिवसांची फट पडते. शिवाय प्रत्येक पिल्लाची सुरुवात वेगळी. ज्याने भरपूर चीक प्यायला आणि ज्याच्या आईची प्रतिपिंडे जास्त होती, त्याची सुरुवात २,५६० एककांपासून झाली, तर त्याच्या बाबतीत लस लागू पडायला ऐंशी दिवस लागतील. कोणत्या पिल्लाची फट केव्हा पडते ते बाहेरून पाहून सांगता येत नाही. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस देऊन, दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा टोचतात आणि सोळा आठवडे होईपर्यंत हे चालू ठेवतात. एक इंजेक्शन झाले म्हणून निर्धास्त होणाऱ्या घरांतली पिल्ले दगावतात, ती याच कारणाने.

या लशी डिस्टेंपर, यकृताचा संसर्गजन्य दाह आणि पार्व्हो अशा रोगांवर असतात. पार्व्हो हा कुत्र्यांना होणारा रोग म्हणून १९७८ साली प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत तो जगभर पसरला. त्यात पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात आणि उपचार लवकर झाले नाहीत तर ते वाचत नाही. हा विषाणू चिवट आहे. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो मातीत पडतो आणि तेथे महिनोन् महिने टिकतो. नेहमीची पुष्कळ जंतुनाशके त्याला पुरी पडत नाहीत; कपडे पांढरे करण्यासाठी वापरतात ते ब्लीच योग्य प्रमाणात पाण्यात मिसळले तर पडते. तो बुटांच्या तळाला चिकटून वरच्या मजल्यावरही येऊ शकतो. चपला दाराबाहेर काढण्याची आपल्याकडील जुनी रीत पिल्लाच्या घरात कसोशीने पाळावी, ती यासाठी.

काटे जुळवायचे कसे?

जग ओळखण्याची खिडकी चौदाव्या आठवड्याच्या सुमारास मिटत जाते, आणि लशींचे काम पुरे होते सोळाव्या आठवड्यात. केवळ लशींकडे पाहून पिल्लाला चार महिने कोंडून ठेवले, तर ते रोगापासून वाचेल पण भित्रे होईल. केवळ ओळखीकडे पाहून त्याला इमारतीच्या आवारात सोडले, तर कदाचित तीन महिन्यांचेही होणार नाही. अमेरिकेतील पशुवर्तनाच्या पशुवैद्यकीय संस्थेने २००८ साली एक निवेदन काढले. तीन वर्षांखालील कुत्र्यांच्या मृत्यूचे पहिले कारण संसर्गजन्य रोग हे नसून वर्तनाचे बिघाड हे आहे, असे तीत म्हटले आहे. याचा अर्थ असा की, चावरी किंवा सांभाळता न येणारी कुत्री टाकून दिली जातात आणि शेवटी मारली जातात. म्हणून पहिली लस देऊन आठवडाभर झाला, की काळजीपूर्वक ओळखी सुरू कराव्यात असे त्या संस्थेने सुचविले.

मार्ग सोपा आहे. पार्व्होचा विषाणू जमिनीवर असतो, हवेत नव्हे. म्हणून पिल्लाचे पाय जमिनीला लागू न देता त्याला जग दाखवायचे. त्याला कडेवर घ्या किंवा कापडी पिशवीत बसवा आणि रोज पंधरा-वीस मिनिटे खाली न्या. फाटकापाशी उभे राहा. रिक्षा, बस, भाजीची गाडी, मंदिराची घंटा, शाळा सुटल्यावरची गर्दी हे सारे तेथूनच दिसते आणि ऐकू येते. उरलेले जग घरी बोलवा. पोस्टमन, कामाला येणाऱ्या मावशी, नऊवारी नेसलेल्या आजी, दाढीवाले काका, छत्री उघडणारा मित्र अशा प्रत्येकाच्या हातून त्याला खाऊचा एक छोटा तुकडा मिळू द्या. ओळखीच्यांपैकी कोणाचे निरोगी, सर्व लशी झालेले मोठे कुत्रे असेल, तर त्यालाही घरी येऊ द्या. फरशी, चटई, पत्रा, पायरी अशा निरनिराळ्या पृष्ठभागांवर घरातच चालवा. अनोळखी कुत्री जेथे फिरतात ती जागा मात्र सोळा आठवड्यांपर्यंत वर्ज्य समजा.

येथे एक नियम मोडू नये. जवळ जायचे की नाही, हे पिल्लाने ठरवायचे. शेपूट पायांत गेली, कान मागे पडले, ते ओठ चाटू लागले किंवा झोप नसताना जांभया देऊ लागले, की ते घाबरले आहे असे समजा आणि दोन पावले मागे या. "घाबरतोस काय?" म्हणून पुढे ढकलले, तर भीती मोडण्याऐवजी पक्की होते.

कुकरची शिटी आणि फटाके

कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. आपली मर्यादा २०,००० हर्ट्झच्या आसपास आहे. फ्लॅटमध्ये मिक्सर, कुकर, दाराची घंटा, लिफ्टचा दरवाजा यांचे आवाज जवळून आदळतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्या निरुपद्रवी आवाजाकडे प्राणी हळूहळू दुर्लक्ष करू लागतो. याला 'सवय होणे' म्हणतात. पण पहिलाच आवाज फार मोठा असेल, तर उलटे घडते. प्रत्येक वेळी भीती वाढत जाते. दिवाळीत पलंगाखाली थरथरत बसणारी कुत्री आपण पाहतो, ती या दुसऱ्या प्रकाराची.

म्हणून आवाजाची ओळख खालच्या पट्टीतून करून द्यावी. फटाक्यांचा किंवा ढगांच्या गडगडाटाचा मुद्रित आवाज अगदी बारीक लावून पिल्लाला जेवायला द्यावे. ते निवांत खात असेल तर काही दिवसांनी आवाज किंचित वाढवावा. खाणे थांबले तर पुन्हा कमी करावा. येथे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांची आठवण होते. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. अन्नाआधी नेहमी ठरावीक इशारा दिला तर त्या इशाऱ्यानेच कुत्र्याला लाळ सुटते, हे त्यांनी दाखविले. कुकरच्या शिटीमागोमाग रोज खाऊ मिळू लागला, तर शिटी हा भीतीचा नव्हे, आनंदाचा इशारा ठरतो.

रद्दी, घाई आणि शिक्षा

लहान पिल्लाला लघवी फार वेळ रोखता येत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाकडून दिवसा दोन-तीन तासांपेक्षा अधिक अपेक्षा करू नये. त्यातही तीन वेळा ठरलेल्या असतात : झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यानंतर थोड्या वेळाने आणि खेळ संपल्यावर. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणून खाण्यानंतरची वेळ बहुधा चुकत नाही. या वेळी त्याला उचलून न्हाणीघरातल्या किंवा गॅलरीतल्या रद्दीच्या कागदावर ठेवावे. काम झाले की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ द्यावा. मिनिटभराने दिलेल्या खाऊचा संबंध त्याला जोडता येत नाही.

शिक्षेचेही तसेच आहे. पुष्कळ घरांत पिल्लाचे नाक ओल्या जागेवर घासतात. त्यातून पिल्लू एवढेच शिकते, की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे असते. मग ते पलंगामागे जाऊन करू लागते. "पण त्याला चूक कळते, बघा कसे तोंड करून बसले आहे!" असे कोणी म्हणेल. न्यूयॉर्कमधील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी हेच तपासून पाहिले आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मालकाने कुत्र्याला खाऊ खाण्यास मनाई करून बाहेर जायचे. तो परत आल्यावर त्याला कधी खरे, कधी खोटे सांगायचे, की कुत्र्याने खाऊ खाल्ला. तेव्हा असे आढळले, की 'अपराधी' चेहरा खाऊ खाण्यावर अवलंबून नव्हता. तो मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होता. काहीही न खाल्लेल्या कुत्र्यांनाही रागावले की त्यांचा चेहरा तसाच होई. आपण ज्याला पश्चात्ताप समजतो, ती बहुधा आपल्या आवाजाची भीती असते.

आणखी एक सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी, ती म्हणजे एकटे राहण्याची. आधी एक मिनिट दार लोटून घ्या, मग पाच, मग पंधरा. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते, हे ध्यानात घेऊन झोपेच्या आधीची वेळ निवडावी. शाळेच्या सुटीत चोवीस तास सोबत आणि जूनमध्ये एकदम आठ तास कुलूप, असे झाले तर ते भुंकून इमारत डोक्यावर घेते. मग तक्रार शेजाऱ्यांची असते, पण चूक आपली.

स्वयंपाकघरातले धोके

पिल्लाला दूध-पोळी पुरते, ही समजूत बरोबर नाही. गायीच्या दुधात लॅक्टोज ही शर्करा कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त असते, त्यामुळे पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात. वाढत्या शरीराला प्रथिनांची गरजही पोळीने भागत नाही. काय आणि किती द्यावे, ते पशुवैद्यांना विचारावे आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे.

आपल्या घरात रोज असणारे काही पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत. कांदा आणि लसूण यांतील द्रव्यांमुळे त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्यानेही हा दोष जात नाही. त्यामुळे ताटातले पोहे किंवा रस्सा देऊ नये. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेटमधील थिओब्रोमीन आणि साखरेशिवायच्या च्युइंगममधील झायलिटॉल हेही घातक आहेत. फिनेलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत पिल्लाला तेथे सोडू नये, कारण ते पाय चाटते. गॅलरीच्या गजांमधून त्याचे डोके जाते का, तेही पाहावे. डोके गेले तर पिल्लू जाऊ शकते.

उन्हाळ्यात आणखी जपावे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून जिभेवरचे आणि श्वासमार्गातले पाणी वाफ करून ते अंग थंड ठेवते. मुंबईसारख्या दमट हवेत वाफ सावकाश होते, म्हणून तेथे हा उपाय अपुरा पडतो. बसक्या नाकाच्या आणि बर्फाळ मुलखातल्या दाट केसांच्या जातींचे येथे हाल होतात. जिन्याखालचे देशी पिल्लू या हवेला सरावलेले असते, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

लपवू नये अशी गोष्ट

आता सर्वांत गंभीर गोष्ट. रेबीज, म्हणजे पिसाळणे, हा रोग पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून होतो. लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आपल्या देशात आजही दरवर्षी हजारो माणसे त्याने मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे संशयित जनावरांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालची असतात. त्याचे एक कारण असे, की मुले कुत्र्यांशी खेळतात आणि चावल्यावर मार बसेल म्हणून घरी सांगत नाहीत.

पिल्लाला तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचावी आणि पशुवैद्य सांगतील त्या वेळी ती पुन्हा द्यावी. लस न झालेले लहान पिल्लूही हा रोग देऊ शकते. म्हणून पिल्लू चावले, त्याचा दात लागून खरचटले किंवा त्याने जखम चाटली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना असे काही लावू नये. लगेच मोठ्या माणसांना सांगून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सरकारी आणि महापालिकांच्या रुग्णालयांत ही लस मिळते. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस देवविली, आणि तो वाचला. वेळेवर घेतलेली लस आजही तेच काम करते. न सांगितलेल्या चाव्यावर मात्र कोणतीही लस काम करू शकत नाही.

पिल्लाच्या आतड्यात जंत असतात, कारण काही जंत आईच्या पोटातूनच त्याच्यात येतात. ते माणसांनाही बाधतात. म्हणून जंताचे औषध वेळेवर द्यावे आणि खेळून झाल्यावर हात धुवावेत.

आणण्यापूर्वीचा हिशेब

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळताना जोरात चावले तर खेळ थांबतो, हे ते त्या काळात शिकते. आठ आठवड्यांखालील पिल्ले विकण्यास २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी बंदी आहे. जनावराला अवाजवी काळ आखूड साखळीने बांधून ठेवणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. महानगरपालिकेचा परवाना, लशीचे कार्ड आणि फिरवताना विष्ठा उचलण्यासाठी कागद ही शेजाऱ्यांशी सलोख्याची किमान सामग्री होय.

आणि एक हिशेब तुम्ही स्वतः करा. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो. तुम्ही आज आठवीत असाल, तर तो म्हातारा होईल तेव्हा तुम्ही नोकरीत असाल, कदाचित दुसऱ्या गावी. दहावीच्या वर्षी सकाळी सहाला त्याला कोण नेईल? गावाला गेल्यावर कोण पाहील? याची उत्तरे घरातल्या सर्वांनी मिळून दिली, तर दोन खोल्यांतही पिल्लू सुखाने वाढते. उत्तरे नसतील, तर जिन्याखालच्या पिल्लांना पाणी ठेवणे आणि त्यांना लशी टोचून घेणे हेही मोठे काम आहे.

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली खाणीत एक थडगे सापडले. सुमारे १४,००० वर्षांपूर्वी तेथे एक पुरुष आणि एक स्त्री यांच्याबरोबर एक कुत्रा पुरला होता. २०१८ साली त्याच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दातांवरील खुणांवरून ते सुमारे सात महिन्यांचे पिल्लू होते आणि त्याला डिस्टेंपर झाला असावा, असे अनुमान निघाले. या आजारात ते कित्येक आठवडे जगले, आणि कोणीतरी त्याला ऊब, पाणी आणि अन्न दिल्याशिवाय हे शक्य नव्हते. ते शिकारीच्या काही उपयोगाचे नव्हते. तरी कोणीतरी त्याच्याजवळ बसले होते. त्या माणसांपाशी लस नव्हती, आपल्यापाशी आहे. जवळ बसण्याचे काम मात्र आपल्यालाही करावेच लागते.

करून पाहा

१. घरी किंवा ओळखीच्यांकडे पिल्लू असेल तर त्याचे वजन दर रविवारी करा. आधी स्वतःचे वजन करा, मग पिल्लाला घेऊन करा आणि वजाबाकी करा. सोळा आठवड्यांचा आलेख काढा. चढ कोठे मंदावतो?

२. पिल्लू गाढ झोपले असताना मिनिटाला किती वेळा श्वास घेते ते मोजा. दुपारी खेळून धापा टाकताना पुन्हा मोजण्याचा प्रयत्न करा. मोजणे का अवघड जाते?

३. वर्गात दोन मापे ठरवून (६४० आणि २,५६० एकके) प्रतिपिंडांच्या घटीचा आलेख काढा. लस लागू पडण्याची पातळी १० ऐवजी २० धरली, तर फट किती दिवसांची होते? शिक्षकांच्या मदतीने उत्तर काढा आणि जवळच्या पशुवैद्यांना दाखवून त्यांचे मत विचारा.